लस टोचलेल्या जनावरांच्या रक्तावरून लाळ्या-खुरकूत रोगाचा फैलाव कसा कळतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बीड जिल्ह्यातील आपल्या गावात जनावरांना लाळ्या-खुरकूत रोगाची लस टोचलेली आहे, सध्या एकाही गोठ्यात रोग नाही, तरीही पशुसंवर्धन विभागाचे कर्मचारी येऊन काही गायी, कालवडी आणि शेळ्यांचे रक्त घेऊन गेले. लस दिलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे (रोगाशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने, म्हणजे अँटीबॉडी) सापडणारच, मग त्यावरून रोग पसरला की नाही हे कसे ठरवतात, आणि रक्त काढल्याने जनावराला अपाय होतो का? मी मराठवाड्यातच पशुवैद्यक म्हणून काम करतो आणि असे नमुने घेणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लस टोचल्यावर प्रतिपिंडे तयार होतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण ती सगळी एकाच प्रकारची नसतात. लाळ्या-खुरकुताची लस मारलेल्या विषाणूची असते. प्रयोगशाळेतील पेशींत विषाणू वाढवतात, तो निष्क्रिय करतात आणि शुद्धीकरण करून त्यातून मुख्यतः विषाणूचे अखंड कण घेतात. त्यामुळे लसीच्या जनावरात विषाणूच्या कवचातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. जिवंत विषाणू मात्र शरीरात शिरला की पेशींमध्ये स्वतःच्या प्रती काढू लागतो आणि त्या कामासाठी लागणारी, कवचाचा भाग नसलेली प्रथिनेही बनवतो. यांना अरचनात्मक प्रथिने म्हणतात. लसीतील मेलेला विषाणू वाढत नाही, म्हणून ही प्रथिने लसीच्या जनावरात तयारच होत नाहीत. एखाद्या जनावराच्या रक्तात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर खरा विषाणू त्या शरीरात कधी तरी वाढून गेला होता, असा निष्कर्ष निघतो, मग मालकाला तोंडातील एकही फोड दिसलेला नसला तरी. या रोगावर काम करणाऱ्या, त्या वेळी उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथे असलेल्या केंद्रीय संशोधन संस्थेने यासाठी थ्री-एबी-थ्री नावाच्या अरचनात्मक प्रथिनावर आधारलेली एलायझा (रंगावरून प्रतिपिंडे ओळखणारी) चाचणी विकसित केली आणि देशातील पाहणीत ती वापरली जाते.

गावात घेतलेल्या रक्ताचे पुढे काय होते, हेही सांगतो, कारण निकालाचा भरवसा बराचसा तिथेच ठरतो. मानेच्या शिरेतून पाच ते दहा मिलिलिटर रक्त काढून नळी तिरकी ठेवतात. काही वेळाने रक्त गोठून खाली बसते आणि वर गवताच्या काडीच्या रंगाचे रक्तजल सुटते. ते लहान कुपीत काढून, कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहून, बर्फाच्या पेटीतून पाठवावे लागते. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात नळी गाडीत तशीच राहिली किंवा खराब रस्त्याने फार हिंदकळली, तर तांबड्या पेशी फुटून रक्तजल लाल होते आणि तो नमुना बहुधा वाया जातो. प्रयोगशाळेत ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या तबकात, तळाशी ते प्रथिन चिकटवलेल्या खळग्यांमध्ये, रक्तजलाचा थेंब टाकतात. त्यात प्रतिपिंडे असतील तर ती तळाला धरून राहतात, धुतली तरी निघत नाहीत, आणि शेवटी टाकलेल्या द्रावणाचा रंग त्या खळग्यात चढतो. रंग किती गडद आहे हे यंत्र मोजते.

माझ्या मते खरे कसब यानंतरचे आहे. चाचणी ‘होय’ म्हणते, पण ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ हे सांगत नाही. संसर्गानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत ही प्रतिपिंडे दिसू लागतात आणि पुढे वर्षभराहूनही अधिक काळ टिकू शकतात. त्यामुळे बाजारातून आणलेली आठ वर्षांची गाय होकारार्थी निघाली, तर विषाणू आपल्या गावात आला होता असे म्हणता येत नाही. तिला तो दुसऱ्या जिल्ह्यात, पहिल्या मालकाकडे असतानाही झालेला असू शकतो. उलट, त्याच गोठ्यात जन्मलेली आणि गावाबाहेर कधीही न गेलेली चौदा महिन्यांची कालवड होकारार्थी निघाली, तर विषाणू गेल्या चौदा महिन्यांत तिच्यापर्यंत पोहोचला होता, म्हणजे तो गावात फिरत होता. सहा महिन्यांच्या आतील वासरांचे रक्त सहसा टाळतात, कारण चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे त्यांच्यात शिल्लक असू शकतात. म्हणूनच सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या कालवडी, गोऱ्हे, वगारी यांचे नमुने सर्वांत बोलके असतात, आणि वय अंदाजाने लिहिले तर सगळी पाहणीच लंगडी पडते. कर्मचारी जेव्हा ‘ही कालवड कधीची, घरची की विकतची’ असे खोदून विचारतात, तेव्हा कृपया नीट आठवून सांगावे.

एका जनावराच्या निकालावर विसंबता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. समजा, चाचणी शंभर निरोगी जनावरांमागे दोन चुकीने होकारार्थी दाखवते. मग शंभर नमुन्यांत वेगवेगळ्या गोठ्यांतील दोन होकारार्थी निघाले, तर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. पण एकाच वस्तीतील, एकाच पाणवठ्यावर जाणाऱ्या पाच कालवडी होकारार्थी निघाल्या, तर तिथे विषाणू येऊन गेला असे मानावेच लागते. दुसऱ्या बाजूने, चांगली लस मिळालेल्या जनावरात संसर्ग इतका अल्प होऊ शकतो की अरचनात्मक प्रथिनांची प्रतिपिंडे पुरेशी तयारच होत नाहीत आणि ते चाचणीतून निसटते. म्हणून निकाल गावाचा वाचायचा असतो.

मराठवाड्यात तर जनावरांच्या हालचालींशिवाय हा नकाशा वाचताच येत नाही. आपल्याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बैलांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या तळावर अनेक गावांचे बैल महिनोन्‌महिने शेजारी शेजारी बांधलेले असतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की तेच बैल आपापल्या गावच्या दावणीला परत येतात. हळी-हंडरगुळीचा बाजार, माळेगावची यात्रा अशा ठिकाणी देवणी आणि लाल कंधारी जातींची जनावरे दूरदूरहून एकत्र येतात. शेळ्या-मेंढ्यांमध्ये हा रोग बहुधा इतका सौम्य असतो की थोडे लंगडणे सोडले तर मालकाच्या काही ध्यानात येत नाही, आणि तेवढ्यात कळप चार गावे ओलांडून जातो. अशा न दिसलेल्या फैलावाचा माग काढायला रक्ताइतका चांगला साक्षीदार नाही. आपल्याकडील शेळ्यांचे रक्त याच कारणाने घेतले असावे.

रक्त सांगू शकत नाही अशाही काही गोष्टी आहेत. भारतात या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात आणि आपली लस या तिन्हींविरुद्ध असते. मात्र अरचनात्मक प्रथिनांच्या चाचणीवरून यांपैकी कोणता येऊन गेला हे कळत नाही. त्यासाठी रोग चालू असताना जिभेवरील ताज्या फोडाची साल लागते. म्हणून लाळ गळताना दिसली की दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार मालकाचे ते कर्तव्यही आहे. लस लागू पडली का, हे पाहण्यासाठी कवचाविरुद्धच्या प्रतिपिंडांची वेगळी चाचणी असते आणि त्यासाठी लसीकरणाच्या दिवशी व सुमारे चार आठवड्यांनी असे दोनदा रक्त घेतात.

बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग भारतातून गेल्याचे जगाने २००६ साली मान्य केले, त्यामागेही रक्ताच्या अशाच तपासण्या होत्या. त्या वेळी लसीची आणि रोगाची प्रतिपिंडे वेगळी ओळखता येत नव्हती, त्यामुळे आधी लस थांबवून मग नवीन पिढीच्या जनावरांत प्रतिपिंडे शोधावी लागली. लाळ्या-खुरकुताच्या बाबतीत लस चालू ठेवूनच फैलाव मोजता येतो, ही मोठीच सोय आहे. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लस आणि तिच्या जोडीला रक्ततपासणी ठेवली आहे, ती या सोयीमुळेच.

आता अपायाविषयी. तीनशे किलोच्या गाईच्या अंगात पंधरा लिटरहून अधिक रक्त असते. त्यातील दहा मिलिलिटरने दूध घटत नाही, आणि गाभण गाईचे रक्तही शांतपणे धरून घेतले तर धोका नसतो. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरली जाते ना, हे मात्र आपण अवश्य पाहावे आणि नसेल तर थांबवावे. होकारार्थी निघालेले जनावर मारून टाकतात, ही भीतीही मी गावोगाव ऐकतो. ब्रिटनमध्ये २००१ च्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली हे खरे आहे, परंतु भारतात या रोगासाठी तसे धोरण नाही, आणि प्रतिपिंडे असणे म्हणजे ते जनावर आज रोग पसरवते आहे असेही नाही. तेव्हा घाबरून ते बाजारात काढू नये. अहवाल आल्यावर दवाखान्यात जाऊन गावातील दोन वर्षांखालच्या, घरच्या जनावरांपैकी किती होकारार्थी निघाली, एवढे वेगळे विचारावे. त्यांत एकाच वस्तीतील अनेक असतील, तर ऊसतोडीहून परतणारे बैल आणि बाजारातून आणलेली जनावरे निदान दोन आठवडे वेगळी बांधण्याचे आणि त्या वस्तीतील लसीकरणातून सुटलेल्या वासरांना लस देण्याचे गावाने लगेच ठरवावे.