अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये अमिनो आम्लं पेशींना पोसतात, मग आईचं मटण-अंडी बंद करू का?

नको, बंद करू नका. तुम्ही वाचलंय ते अर्धं खरं आहे. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक, मटण-अंड्यांतूनही मिळणारे. अंडाशयाच्या कॅन्सरच्या काही आक्रमक पेशी ग्लुटामाइन नावाच्या अमिनो आम्लावर अक्षरशः तुटून पडतात. त्यातून ऊर्जा आणि नव्या पेशींचा कच्चा माल मिळवतात. दुसरा डाव जास्त बेरकी. आयडीओ१ हे एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ट्रिप्टोफॅन हे दुसरं अमिनो आम्ल फोडून कायन्युरेनिन नावाचं रसायन बनवतं. त्यामुळे गाठीजवळच्या टी-पेशी, म्हणजे आपलेच पहारेकरी, सुस्तावतात. हे एन्झाइम रोखणारी औषधं करून पाहिली, पण एकट्यानं त्यांचा फारसा उपयोग दिसला नाही.

पण ताटातलं मटण काढलं म्हणून ग्लुटामाइन संपत नाही. ते शरीर स्वतःच बनवतं, मुख्यतः स्नायूंमध्ये. उलट या आजारात पोटात पाणी साठतं, ते काढताना प्रथिनंही जातात, त्यात केमो. उपाशी पेशंट केमो कसा झेलणार?

आपल्या कोल्हापुरात आजाऱ्याला पांढरा रस्सा देतातच. चालत असेल तर द्या, फक्त नुसतं पाणी नको, फोडीही खाऊ द्या. मळमळ असेल तर अंडं, दही, मुगाचं वरण. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.