मुलाखतीचे इंग्रजी नेमके कुठे अडते?

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकून मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला असून 2022 पासून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. मुलाखतीत इंग्रजी बोलताना काळ चुकतात. बाराही काळ पुन्हा पाठ करावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बारा काळांचा तक्ता तुम्हांला शाळेपासून पाठ आहे आणि तरीही वाक्य चुकते, तेव्हा हा प्रश्न पाठांतराने सुटणारा नाही. स्वतःची ओळख करून देणारा जो परिच्छेद तुम्ही पाठवला आहे, त्यातील बहुतेक चुका वर्तमानकाळाच्या आहेत. सध्या तेवढाच हाती घ्यावा.

‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स 2022’ असे तुम्ही लिहिले आहे. मराठीत ‘मी 2022 पासून इथे काम करतो आहे’ हे वाक्य निर्दोष असल्याने ही चूक आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामासाठी ‘आय हॅव बीन वर्किंग’ असे म्हणावे. डिप्लोमाच्या वाक्यात नेमकी उलटी गफलत आहे. ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2021’ यात वर्ष आले की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही, तेथे ‘आय कम्प्लीटेड’ हा साधा भूतकाळ हवा. वर्ष गाळले, तर तुमचे मूळ वाक्य बरोबर ठरते.

रोजच्या कामासाठी साधा वर्तमानकाळ पुरतो : ‘आय इन्स्पेक्ट कास्टिंग्ज’. येथे ‘आय अ‍ॅम इन्स्पेक्टिंग’ म्हटले, तर हे काम तुमच्याकडे तात्पुरते आहे, असा समज होऊ शकतो. चालू वर्तमानकाळ ‘धिस मंथ आय अ‍ॅम ट्रेनिंग अ न्यू ऑपरेटर’ अशा वाक्यांसाठी राखून ठेवावा. ‘आय अ‍ॅम हॅविंग अ डिप्लोमा’ हे तर काढूनच टाका. आपल्याकडे चांगली शिकलेली माणसेही ते बिनदिक्कत बोलतात, पण जवळ असणे, माहीत असणे, हवे असणे या अर्थांच्या क्रियापदांना सहसा ‘इंग’ लागत नाही.

शिफ्ट संपल्यावर त्या दिवसाच्या कामाविषयी चार वाक्ये लिहून मोठ्याने वाचावीत : रोज काय करता, सध्या काय चालू आहे, आजवर काय पूर्ण झाले आणि कोणते काम केव्हापासून करत आहात. महागड्या क्लासची फी भरण्याचा विचार त्यानंतर करावा.