गळलेल्या कैरीची कोय उगवेल का?

वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, पडलेल्या सगळ्या कैऱ्या गोळा करू नका. आधी एक मधोमध कापा. सुरी कोयीतून सहज आरपार गेली तर ती कैरी लोणच्याला ठेवा. कोयीच्या आतला गर, म्हणजे बी, अजून पाणचट असतो, तो मातीत सडतो. कोयीचं कवच कठीण लागलं आणि आत पांढरा, टणक गर भरलेला दिसला, तरच आशा धरावी. त्याच झाडाखालच्या तशाच भरलेल्या कैऱ्या अढीत घालून पिकू द्या.

कोय उन्हात वाळवू नका. आंब्याचं बी सुकलं की मरतं, म्हणून फळातून कोय काढल्यावर आठवड्याच्या आत लावा. कडेने कात्रीने कवच उघडा, गर न दुखवता काढा. काळा पडलेला किंवा किडका टाकून द्या.

आपली काळी माती एकटी वापरू नका, पाणी धरून ठेवते. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्या. पिशवी फूटभर खोल हवी, कारण सोटमूळ झपाट्याने उतरतं. गराची फुगीर बाजू वर ठेवून दीड इंच खोल लावा. मे महिन्याच्या उन्हात पिशवी उघड्यावर नको, सावलीत ठेवा. ओल राहील इतकंच पाणी द्या. साधारण दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब दिसतो.

केशर आंब्याची कोय लावून केशरच येईल असं मात्र धरू नका. जात हवी असेल तर या रोपावर कलम बांधावं लागेल. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपासाठी, गावरान कोय मला जास्त भरवशाची वाटते.