चोविसाव्या वर्षी बॉक्सिंग सुरू करताना

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, जळगावला राहते. बी.कॉम. करून एका पतसंस्थेत नोकरी करते. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, राज्य स्पर्धेपर्यंत गेले. वजन ५६ किलो. जपानची बॉक्सर नाओको फुजिओका ३४ व्या वर्षी व्यावसायिक झाली आणि पाच वजनगटांत जगज्जेती ठरली, असं वाचलं. मलाही बॉक्सिंग करायचंय, नोकरी सोडायचीही तयारी आहे. आई म्हणते वय निघून गेलं, शिवाय नाक-डोळा गेला तर काय? मी काय करू?

उत्तर : बॉक्सिंग सुरू कर, नोकरी सोडू नकोस. जपानमध्येही बहुतेक महिला बॉक्सर दुसरं काम सांभाळूनच सराव करतात. आपल्याकडे तर महिलांच्या व्यावसायिक लढती मोजक्याच होतात, त्यावर घर चालत नाही.

फुजिओकाचा ३४ हा आकडा वाचताना त्याआधीची वर्षं नजरेतून सुटतात. १९७५ साली मियागी प्रांतात जन्मलेली ही खेळाडू आधी तुझ्यासारखीच सॉफ्टबॉल खेळायची. विशीत ती बॉक्सिंगकडे वळली आणि कितीतरी वर्षं हौशी गटात लढली. जपान बॉक्सिंग कमिशनने महिलांच्या व्यावसायिक लढती सुरू केल्या त्याच मुळी २००८ मध्ये. पुढच्याच वर्षी ती त्यात उतरली. उशीर झाला होता तो दार उघडायला, तिची तयारी केव्हाच झाली होती. म्हणून मे २०११ मध्ये, पदार्पणानंतर दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा तिने मेक्सिकोच्या अनाबेल ओर्तिसला हरवून डब्ल्यूबीसी या जागतिक व्यावसायिक बॉक्सिंग संघटनेचा मिनिममवेट गटातला किताब घेतला.

त्या गटाची मर्यादा ४७.६ किलो. २०१३ मध्ये ती सुपर फ्लायवेटला, म्हणजे ५२.१६ किलोला जिंकली आणि २०१५ मध्ये बँटमवेटला, ५३.५२ किलोला. मग पुन्हा खाली उतरून २०१७ च्या मार्चमध्ये फ्लायवेट आणि डिसेंबरमध्ये लाइट फ्लायवेट. शेवटच्या या किताबावेळी ती ४२ वर्षांची होती. मध्ये हारही झाली, २०१४ मध्ये जर्मनीत सुसी केंटिकियानकडून. हे वर-खाली जाणं वाचून तू वजनाशी खेळायला जाशील, म्हणून आधीच सांगते. व्यावसायिक लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं, नंतर खायला-प्यायला वेळ मिळतो. तू खेळशील त्या हौशी स्पर्धेत लढत असेल त्या प्रत्येक दिवशी सकाळी वजन होतं. पाणी तोडून तीन किलो उतरवलेस तर पहिली सकाळ निभेल, तिसऱ्या दिवशी पायात जीव राहणार नाही. मुलींमध्ये असं वारंवार केलं की पाळी अनियमित होते आणि हाडं कमजोर होतात. तुझं ५६ किलो वजन ५७ च्या गटात नीट बसतं. पहिली दोन वर्षं तिथेच राहा.

सॉफ्टबॉलमधून तुझ्याकडे काय येतं? मागच्या पायापासून कमरेतून फिरणारा जोर. उजव्या हाताच्या क्रॉस पंचला, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ ठोशाला, हाच जोर लागतो, तो तुला लवकर जमेल. पण थ्रोची सवय नडेलही. फेकताना हात आधी मागे जातो. रिंगमध्ये तो चार बोटं जरी मागे गेला तरी समोरचीला ठोसा येतोय हे कळतं. त्याच वेळी तुझा डावा हात खाली पडतो आणि हनुवटी उघडी राहते. यासाठी भिंतीला पाठ आणि उजवं कोपर टेकवून उभी राहा आणि सावकाश ठोसा मार. कोपर भिंतीवर दाबलं गेलं तर हात मागे गेला. डाव्या मुठीत आणि गालात रुमाल धरून ठेव. तो पडला की थांबून पुन्हा सुरुवात. दम हा वेगळा विषय. सॉफ्टबॉलमध्ये पाच-सहा सेकंदांची धाव आणि मग उसंत असते. इथे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये फक्त एक मिनिट. त्यामुळे नुसतं लांब पळून भागत नाही, तीन मिनिटं जोरात आणि एक मिनिट चालत, असं पळावं लागतं.

आठवड्यातून चार संध्याकाळी क्लब आणि दोन सकाळी धावणं, एवढं नोकरीसोबत झेपतं. पहिले तीन महिने स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, नाही म्हणजे नाही. पवित्रा, पायांची हालचाल, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आणि बचाव, एवढंच. हाताला ४.५ मीटरची पट्टी मनगटापासून बांधायला शीक आणि ठोसा तर्जनी व मधल्या बोटाच्या सांध्यांवर बसू दे. करंगळीकडच्या सांध्यांवर बसला तर तळहाताचं हाड मोडतं, नवशिक्यांची ही नेहमीची दुखापत. स्पारिंगला १४ औंसांचे ग्लोव्हज, हेडगार्ड आणि दंतवैद्याकडून मापाने बनवून घेतलेला माउथगार्ड. जिल्हा स्पर्धेचा विचार वर्षभरानंतर. १९ वर्षांवरच्या सगळ्या खेळाडू एलिट, म्हणजे प्रौढांच्या खुल्या गटातच येतात, त्यामुळे तुझी पहिलीच प्रतिस्पर्धी दहा वर्षं खेळलेली असू शकते. सुरुवातीच्या काही लढती हरशील. ते धरूनच चाल.

नोकरीच्या बाजूने मात्र घाई कर. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीला १८ ते २५ वर्षांची अट असते आणि त्यात सवलत नसते. बॉक्सिंगच्या पदकावर ती जागा मिळवायला तुझ्या हातात वेळ नाही, हे स्पष्ट सांगते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी सॉफ्टबॉलचं तुझं प्रमाणपत्र आज उपयोगी पडतं का, ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाऊन विचार. पात्र असेल तर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी लगेच करून घे. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची मुदत याच कागदापायी हुकते. दोन-तीन वर्षांनी खेळात मन रमलं आणि पदकं आली नाहीत, तरी प्रशिक्षक होता येतं. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत बॉक्सिंगची वर्षभराची पदविका आहे. मुलींना शिकवणाऱ्या महिला प्रशिक्षकांची आपल्या जिल्ह्यांत खरोखर गरज आहे.

आईंची भीती खोटी नाही, डोक्याला मार हा या खेळातला खरा धोका आहे. डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबली तर किमान ३० दिवस लढत आणि स्पारिंग बंद, असा हौशी बॉक्सिंगचा नियम आहे. डोकं दुखत असताना किंवा मळमळत असताना ते प्रशिक्षकापासून लपवायचं नाही, हा शब्द आईंना दे. क्लब निवडताना त्यांनाच सोबत ने. स्पारिंग चालू असताना प्रशिक्षक रिंगजवळ उभे असतात का, तुझ्या वजनाच्या मुली सरावाला आहेत का, आणि कुणाला जोरात लागलं तर तिला खाली उतरवतात की ‘चालू दे’ म्हणतात, हे तासभर बसून दोघींनी बघा. ‘चालू दे’ ऐकू आलं तर दुसरा क्लब शोधा, मग तो घरापासून लांब असला तरी चालेल.