नवी ट्यूब, तरी हवा का उतरते?

प्रश्न: आमच्या सेस्ना १७२ विमानाच्या मुख्य चाकांना नुकतेच नवे टायर आणि नव्या ट्यूब बसवल्या. दुपारी २९ पीएसआय हवा भरली होती. चौथ्या दिवशी पहाटे मोजली तर २५ निघाली. ट्यूब सदोष आहे असे समजावे का?

उत्तर: इतक्यात नाही. नव्या टायरचे थर पहिल्या दिवसभरात थोडे ताणतात आणि आतली जागा वाढते. शिवाय बसवताना ट्यूब व टायर यांच्यामध्ये अडकलेली हवा पुढचे काही दिवस रिमच्या कडेने निसटत राहते आणि तेवढा दाब उतरतो. त्यात तापमानाची भर पडते. ३० अंश सेल्सिअसला भरलेली २९ पीएसआय हवा १२ अंशांवर मोजली, तर कणभरही गळती नसताना काटा साडेसव्वीसच्या आसपास थांबेल. म्हणून पहिला आठवडा रोज, ठरावीक वेळी, विमान उतरून दोन-तीन तास झाल्यावरच दाब मोजावा आणि कमी असेल तेवढा भरून काढावा.

हे भरून काढणे टाळू नये. दाब कमी असला की ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूबही ओढली जाते. व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकलेला असल्याने मुळाशी फाटतो. टायरच्या कडेवरून रिमवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवावी. ती मधोमध तुटलेली दिसली, तर टायर सरकला आहे हे गेज न लावताच कळते.

ट्यूब बसवतानाच काही पथ्ये पाळली होती ना, हेही मेकॅनिकला विचारा. ट्यूबला टाल्कची पूड चोळली होती का, आणि एकदा हवा भरून, पूर्ण सोडून, पुन्हा भरली होती का? ही दुसरी पायरी कंटाळा करून गाळली जाते, आणि मग आत राहिलेली घडी त्याच जागी झिजून काही महिन्यांनी ट्यूब फुटते.

आठवड्यानंतरही सारख्याच तापमानाला दाब उतरत राहिला, तर व्हॉल्वच्या तोंडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. बऱ्याचदा दोष तिथल्या, हवा अडवणाऱ्या पिनेचाच निघतो. पिन बदलूनही फरक पडला नाही, तरच चाक उतरवून ट्यूब पाहावी. मात्र चाकाचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या बोल्टना पाना लावण्यापूर्वी पिन दाबून सगळी हवा सोडावी आणि मगच पिन काढावी, कारण दाबाखालचे ते भाग सुटताना समोरच्या माणसाला गंभीर इजा करू शकतात.