कितवा नंबर आला?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ४६ वर्षांची असून बडोद्यात बँकेत नोकरी करते. चाळिशी उलटेपर्यंत मला पाण्यात तोंड घालून पोहता येत नव्हते. नुकतीच मी गोव्याला जाऊन ११३ किलोमीटरची ट्रायथलॉन पूर्ण केली, म्हणजे समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे. एकूण मुदत ८ तास ३० मिनिटांची होती आणि मला ८ तास ११ मिनिटे लागली. त्यांपैकी पोहण्यात १ तास ४ मिनिटे, सायकलवर ३ तास ५२ मिनिटे व धावण्यात बरोबर ३ तास गेले. पाण्यातून सायकलकडे येताना नऊ मिनिटे आणि सायकलवरून उतरून धावायला निघेपर्यंत सहा मिनिटे गेली. खरे सांगायचे तर शेवटचे आठ-नऊ किलोमीटर मी चाललेच. घरी आल्यावर सासऱ्यांनी, जे तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करत असत, पहिला प्रश्न विचारला, ‘कितवा नंबर आला?’ शेवटून मोजला असता तर सांगणे सोपे गेले असते. मेडल कपाटात ठेवले आहे. तीन आठवडे झाले तरी पहाटे पाचला आपोआप जाग येते, पण सायकलला हात लावावासा वाटत नाही. मी ट्रायथलॉन केली असे म्हणण्याचा मला हक्क आहे का? बरोबरीची मंडळी पुढील वर्षी २२६ किलोमीटरच्या पूर्ण अंतरासाठी नाव नोंदव म्हणून मागे लागली आहेत. नोंदवावे का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : हक्काचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण त्याला फार शब्द लागत नाहीत. धावण्याच्या टप्प्यात चालण्यास नियमांची हरकत नाही, तुम्ही प्रत्येक टप्पा त्याच्या मुदतीत संपवला आणि ८ तास ३० मिनिटांच्या आत रेषा ओलांडली. तेव्हा तुम्ही ट्रायथलॉन केली आहे. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकला पूर्ण अंतराची स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा महाराष्ट्रभर त्यांचे कौतुक झाले. त्यांचा नंबर कितवा आला हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सासरेबुवांना दोष देऊ नका. आखाड्यात दोघे उतरतात आणि एक जिंकतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी योग्यच आहे. या स्पर्धेत मात्र तुमच्यासारख्यांची झुंज मुदतीशी असते, हे त्यांना कागदावर वेळा मांडून दाखवा. मल्लखांब केलेल्या माणसाला शिस्तीचा हिशेब चटकन कळतो.

वेळेबद्दल थोडे इतिहासात जाऊ. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईतील ओआहू बेटावर अमेरिकी नौदलातील जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या कल्पनेतून पूर्ण अंतराची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. विजेते गॉर्डन हॅलर यांना ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले, आणि दुसऱ्या क्रमांकावरील जॉन डनबार यांच्या मदतनिसांकडचे पाणी संपल्याने त्यांनी त्यांना चक्क बिअर पाजली. हॅलर यांची ती वेळ आज नोकरी-संसार सांभाळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सर्रास आढळते. त्या वर्षीचा पहिला नंबर आजच्या निकालपत्रकात कुठेतरी मधल्या पानावर असता.

तरीही, ‘पूर्ण केली ना, मग वेळ कशाला पाहायची’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. संथ माणसाने आपल्या वेळा अधिकच बारकाईने वाचाव्यात, कारण त्याचे काम वेगवान माणसाच्या कामाची फिकी नक्कल नसून निराळेच काम असते. जो पाच तासांत परत येतो तो ऊन चढण्यापूर्वी बराचसा मोकळा होतो. तुम्ही मात्र भर दुपारच्या दमट उन्हात आणखी तीन तास रस्त्यावर होता. शरीरात साठवलेली साखर जोराच्या श्रमांत साधारण दीड-दोन तास पुरते, आणि पुढचे सारे रस्त्यात पोटात गेलेल्यावर चालते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हा नेहमीचा अंदाज धरला, तर आठ तासांच्या माणसाला पाच तासांच्या माणसापेक्षा किती अधिक खावे लागेल याचा हिशेब तुम्ही बँकेत बसून करू शकाल. शेवटी तुम्ही चाललात ते पायांमुळे की रिकाम्या पोटामुळे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला सर्वांत आधी तेच जाणून घ्यायचे आहे. सायकलवर काय खाल्ले ते आठवून लिहून ठेवा. पाकिटातल्या जेलने, म्हणजे दमाच्या स्पर्धांत चोखायच्या गोड चिकट द्रावाने, मळमळत असेल तर सुखडीचे छोटे चौकोन करून खिशात ठेवा. माझे स्वतःचे त्यावरच निभावते.

पाण्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा मीही नवखा होतो आणि मला ८ तास २२ मिनिटे लागली. धावताना ज्या ज्या टेबलावर पाणी दिसले तिथे मी दोन-दोन पेले रिचवत गेलो. चौदाव्या किलोमीटरला पाहिले तर बोटातली अंगठी फिरेना, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता आणि पोटात पाणी डुचमळत होते. मला वाटले ऊन लागले, म्हणून आणखी पाणी प्यायलो. घामातून मीठ जात असताना नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम उतरते, आणि हा धोका पुढे पळणाऱ्यांपेक्षा मागे रेंगाळणाऱ्यांना जास्त असतो, कारण त्यांना प्यायला वेळही जास्त मिळतो आणि टेबलेही तितक्याच फुरसतीने लागतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले; शर्यतीत वजन वाढणे आणि चार तासांहून अधिक वेळ लागणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. तहान लागेल तसे प्या, मिठाचे काहीतरी सोबत ठेवा, आणि अंगठी घरी ठेवून जा.

पोहण्याच्या १ तास ४ मिनिटांबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. मुदत १ तास १० मिनिटांची असते, म्हणजे हाती सहाच मिनिटे उरली होती हे खरे. पण बडोदेकराने मोकळ्या पाण्याचा सराव करावा तरी कुठे? विश्वामित्रीत मगरी आहेत आणि आजव्याच्या तलावातही त्या आहेतच. पंचवीस मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या मोजून १.९ किलोमीटर करणाऱ्या माणसाला समुद्रात ना भिंत मिळते ना तळाची काळी रेघ, आणि प्रत्येक लाटेवर डोके वर काढून बोया शोधावा लागतो. निदान तलावात दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरचे घड्याळ पाहण्याची सवय लावा, आणि स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोहोचून समुद्रात उतरा. वाकडे पोहण्यात जाणारे अंतर वाचले तर दम न वाढवताही काही मिनिटे हाती येतात.

आता पहाटे पाचच्या जागेविषयी. वर्षभर अलार्म, तलाव, आजवा रस्ता, रविवारी पावागडच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणे आणि परतल्यावर सेव-उसळ या चाकोरीने तुमचा दिवस आखला होता, आणि ती चाकोरी एका दुपारी, गळ्यात मेडल पडताच, संपली. मलाही जवळपास महिनाभर असेच उदास वाटले होते. त्या काळात मी रोज कमाटी बागेत घड्याळ न लावता फिरत असे, आणि पाचव्या आठवड्यात एकदा कंटाळून सायकल पुसायला घेतली तेव्हा तिच्यावर चढलोही. तुम्हीही तिला तोवर राहू द्या. मात्र झोप, भूक आणि कामातले लक्ष महिना-दीड महिना सावरले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. त्याचे खापर ट्रायथलॉनवर फोडून गप्प बसू नका.

पूर्ण अंतराचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. याच वेगाने ३.८ किलोमीटर पोहायला २ तास ८ मिनिटे लागतील, आणि मुदत २ तास २० मिनिटांची असते. १८० किलोमीटर सायकलला ७ तास ४४ मिनिटे धरली, तर मधल्या नऊ मिनिटांसह तुम्ही १० तास १ मिनिटाला उतराल, म्हणजे १० तास ३० मिनिटांच्या मुदतीआधी अर्ध्या तासाहूनही कमी वेळ राखून. पुढील सहा मिनिटे आणि ४२.२ किलोमीटरसाठी सहा तास मिळवले, तर १६ तास ७ मिनिटे होतात आणि १७ तासांच्या मुदतीत ५३ मिनिटे उरतात. कागदावर हे जमते, पण अंतर दुप्पट झाले तरी वेग तोच राहील असे त्यात गृहीत आहे, आणि ज्या पायांनी शेवटचे आठ-नऊ किलोमीटर चालून काढले त्यांच्याकडून ही अपेक्षा करणे धाडसाचे आहे. माझे स्पष्ट मत असे की पुढील वर्षी पुन्हा हेच ११३ किलोमीटर करावेत, आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरताच वीस मिनिटे धावण्याचा सराव ठेवावा, आणि सगळे अंतर पळत पूर्ण झाले तरच २२६ चा विचार करावा. मंडळींना राग आला तर येऊ द्या. फी आणि सुट्या तुमच्या जाणार आहेत.

राहता राहिली ती पहिल्या बदलातील, म्हणजे पाण्यातून सायकलकडे येतानाची, नऊ मिनिटे. ती वाचवण्यासाठी दम लागत नाही. ओल्या, वाळूने माखलेल्या पायात मोजा चढत नाही, टाचेपाशी गुंडाळी होऊन अडकतो आणि माणूस खाली बसून त्याच्याशी झटत राहतो, हे मी स्वतः केले आहे. आदल्या रात्री मोज्यांत पावडर टाकून ते बोटांपर्यंत गुंडाळून बुटांत ठेवा, शेजारी एक जुना पंचा आणि पाय धुण्यापुरती पाण्याची बाटली ठेवा, आणि घरच्या ओट्यावर पाय भिजवून दोन-चार वेळा करून पाहा. सासऱ्यांना हातात घड्याळ देऊन समोर बसवा.