‘क्लास ए’ ॲम्प्लिफायर: ‘क्लास’ला दर्जा म्हणावे का?

गिटारच्या व्हॉल्व्ह (निर्वात नळी) वापरणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ‘क्लास ए’ असा उल्लेख असतो. त्याचे मराठी करताना ‘अ दर्जाचा’ असे लिहिले तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते चालणार नाही. येथे ‘क्लास’ हा शब्द गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही. लहरीच्या एका आवर्तनातील किती भागात पॉवर व्हॉल्व्हमधून विद्युतप्रवाह वाहतो, एवढेच तो सांगतो. रक्तगट ‘ए’ असलेला माणूस ‘बी’ गटाच्या माणसाहून श्रेष्ठ ठरत नाही, तसेच हे आहे.

आवर्तन ३६० अंशांचे धरले, तर क्लास ए मध्ये व्हॉल्व्हचा प्रवाह ३६० अंशांत कुठेही थांबत नाही, आणि त्यामुळे गिटार वाजत नसतानाही तो भरपूर तापतो. क्लास बी मध्ये दोन व्हॉल्व्ह अर्धे-अर्धे आवर्तन वाटून घेतात. परंतु एक थांबून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर लहर बिघडते आणि हलक्या हाताने वाजवलेल्या सुरांत ते विशेष खटकते. क्लास एबी मध्ये, जोरात वाजवताना, प्रत्येक व्हॉल्व्हमधून प्रवाह १८० अंशांहून अधिक, पण ३६० हून कमी काळ वाहतो. हळू वाजवताना दोन्ही व्हॉल्व्ह अखंड चालू राहतात आणि जोर वाढला की आळीपाळीने विश्रांती घेतात. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा ॲम्प्लिफायर या प्रकारचा आहे. उलट फेंडरच्याच चॅम्पमध्ये, जो नवशिक्यांसाठी काढलेला सुमारे ५ वॅटचा छोटा ॲम्प्लिफायर होता, ६व्ही६ हा एकच पॉवर व्हॉल्व्ह असल्यामुळे त्याला क्लास ए मध्येच चालणे भाग आहे. यातला ‘अ दर्जाचा’ कोणता म्हणायचा?

व्हॉक्स कंपनीच्या एसी३० या ॲम्प्लिफायरची गोष्ट अधिक बोधक आहे. तो क्लास ए म्हणून नावाजलेला आहे. पण त्यातील चार ईएल८४ व्हॉल्व्हपैकी प्रत्येकाची प्लेट (प्रवाह जिथे पोहोचतो तो आतला पत्रा) १२ वॅट उष्णता सोसू शकते, म्हणजे एकूण ४८ वॅट. क्लास ए मध्ये आदर्श स्थितीतही पुरवलेल्या शक्तीपैकी फार तर ५० टक्के शक्ती ध्वनीसाठी मिळते, आणि गिटार वाजत नसताना पुरवलेली सगळी शक्ती उष्णताच होते, तेव्हा ही मर्यादा पाळून २४ वॅटच्या पुढे जाता येत नाही. ३० वॅट मिळतात, कारण पूर्ण जोरात तो क्लास एबी मध्ये चालतो. घोटाळ्याचे मूळ, मला वाटते, त्याच्या कॅथोड बायसमध्ये आहे: कॅथोडखालच्या (व्हॉल्व्हमधील इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाखालच्या) रोधकाने व्हॉल्व्हचा प्रवाह ठरवण्याची ही पद्धत क्लास ए मध्ये नेहमी दिसते, म्हणून ती दिसली की लोक ‘क्लास ए’ म्हणून मोकळे होतात. वास्तविक बायसची पद्धत आणि क्लास या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

‘वर्ग’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, परंतु ‘वर्ग १ चा अधिकारी’ म्हणताच त्यालाही पायरी चिकटते. म्हणून मी ‘क्लास’ तसाच ठेवीन आणि एसी३० विषयी लिहिताना ‘हा ॲम्प्लिफायर कॅथोड बायसवर, क्लास एबी मध्ये चालतो’ असे लिहीन. ‘क्लास एबीचा आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘मध्ये चालतो’ म्हटले, की ही व्हॉल्व्ह चालवण्याची रीत आहे हे वाचकाला लगेच कळते.